एका रसायनज्ञ बाईची हकिकत

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



यंदा बाहेरून कुणा विदुषीला न बोलावता सभासदांनीच एकेका कर्तबगार स्त्रीची माहिती सांगावी असे आपल्या कार्यकारिणीने ठरवले, आणि पहिला मान माझ्याकडे आला. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. ती आज रसायनशास्त्रातल्या एका बाईवर बोलणार म्हटल्यावर काहीजणींना हसू आले असेल. पण माझी थोरली मुलगी रसायनशास्त्र घेऊन कॉलेजात शिकते. तिने इंग्रजीतून वाचून मला ही हकिकत मराठीत सांगितली, मी ती वहीत उतरवून घेतली आणि जिथे समजले नाही तिथे तिला पुन्हा पुन्हा विचारून भंडावून सोडले. तेव्हा यातले शास्त्र तिचे आणि बोलणे माझे, असे समजून घ्यावे.

सावित्रीबाई, रमाबाई, आनंदीबाई यांच्याविषयी आपण दरसाल ऐकतो, आणि ऐकावेच. परंतु मला अशी बाई हवी होती, जिने स्वतःच्या हाताने विकायची वस्तू तयार केली. कारण आपले मंडळही वस्तू तयार करते, आणि त्या वस्तूंबाबत येत्या सभेत आपल्याला एक निर्णय घ्यायचा आहे. त्याविषयी शेवटी बोलेन.

या बाईंचे नाव हेझेल बिशप. जन्म १७ ऑगस्ट १९०६ चा, अमेरिकेतल्या न्यूजर्सी राज्यात होबोकन या गावी. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत गेल्या, तेव्हा याच न्यूजर्सीत रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या होत्या. होबोकन म्हणजे नदीच्या अलीकडचे गाव, पलीकडे न्यूयॉर्क शहर. वडील व्यापारउदिमातले. जेवायला बसले की घरात धंद्याच्याच गोष्टी चालत. आईचे सांगणे तर असे, की मुली, शेंगदाण्याची गाडी लाव, पण धंदा स्वतःचा कर. आपल्याकडे मुलीला असा आशीर्वाद देणारी आई किती घरांत सापडेल?

हेझेलबाईंना मात्र डॉक्टर व्हायचे होते. न्यूयॉर्कला मुलींचे बर्नार्ड कॉलेज आहे, तिथून १९२९ साली रसायनशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात तिकडचा शेअर बाजार कोसळला, देशावर मंदी आली आणि डॉक्टरकीचे शिक्षण तिथेच थांबले. मग दिवसा काम आणि संध्याकाळी कोलंबिया विद्यापीठात वर्ग, असे त्यांनी सुरू केले.

१९३५ पासून १९४२ पर्यंत त्या त्वचारोगाच्या एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली प्रयोगशाळेत होत्या. पावडर, क्रीम यांनी कुणाच्या चेहऱ्यावर पुरळ उठते, कुणाची कातडी सोलवटते, ते कशामुळे होते याचा अभ्यास तिथे चाले. मग दुसरे महायुद्ध आले. पुरुष लढाईवर गेले आणि पूर्वी बायकांना जिथे घेत नसत, अशा जागा मोकळ्या झाल्या. १९४२ साली हेझेलबाई स्टँडर्ड ऑइल या तेलाच्या कंपनीत रसायनज्ञ म्हणून लागल्या. तिथे विमानाच्या पेट्रोलचे काम. विमानाच्या इंजिनात हवा दाबून भरणारा एक भाग असतो, त्यात राप साचून काम बिघडत असे. ती राप कशाने धरते, याचे कारण त्यांनी शोधून काढले. युद्ध संपल्यावर १९४५ साली त्या सोकोनी व्हॅक्यूम या दुसऱ्या तेल कंपनीत गेल्या. म्हणजे पाहा, आधी माणसाची कातडी आणि मग तेले, चरबी, मेण यांचा स्वभाव. दोन्हीकडची अशी पंधरा वर्षांची शिदोरी त्यांच्यापाशी जमली.

आता मी लिपस्टिकचे नाव काढणार आहे. काही ज्येष्ठ भगिनींच्या कपाळाला आठ्या पडतील, पण थोडा धीर धरावा. लिपस्टिक लावावी की न लावावी हा आजचा विषय नव्हे. ती करावी कशी, आणि केल्यावर तिची मालकी कुणाची, हा विषय आहे.

त्या वेळच्या लिपस्टिकची खोड अशी, की ती टिकत नसे. चहा प्यायला की कपाला लागे, लेकराचा मुका घेतला की त्याच्या गालाला लागे, दातांना लागे, रुमालाला लागे. नोकरी करणाऱ्या बाईला दिवसातून चार वेळा आरशापुढे उभे राहावे लागे. हेझेलबाईंच्या मनाने घेतले, की न पुसणारी लिपस्टिक करायची.

ही गोष्ट मुलीने मला समजावली, तेव्हा मला आपले कुंकू आणि मेंदी आठवली. पूर्वी आपल्या आज्या कपाळाला आधी मेण लावत आणि त्यावर बोटाने कुंकू टेकवत. मेण कुंकवाला धरून ठेवी. पण रंग कातडीच्या वरच. हात लागला, घाम आला, की फराटा ओढला जाई. मेंदीचे तसे नाही. वाळलेली मेंदी खरवडून टाकली तरी तिचा रंग कातडीत उतरलेला असतो. साबण लावा, भांडी घासा, तो लगेच जात नाही. कातडीचा वरचा पापुद्रा जुना होऊन गळेल तेव्हाच जातो. जुनी लिपस्टिक म्हणजे मेणावरचे कुंकू. तीतही तेल, मेण आणि रंगाची पूड असे, आणि तो रंग ओठांवर नुसता बसलेला असे. हेझेलबाईंना मेंदीसारखे काहीतरी हवे होते.

ओठांच्या कातडीत मुरणारे रंग शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होते. ब्रोमो आम्ल या नावाने ते ओळखले जात. परंतु त्या रंगांच्या लिपस्टिकने ओठ कोरडे पडत, चरचरत, म्हणून बायका ती टाळत. आता रंग तर मुरला पाहिजे आणि ओठ तर मऊ राहिले पाहिजेत. एकाचे प्रमाण वाढवावे तर दुसरे बिघडते. मीठ वाढवले की आंबट मरते आणि आंबट वाढवले की पुन्हा मीठ कमी पडते, असला प्रकार.

हे सारे प्रयोग त्यांनी कुठे केले असतील? घरच्या स्वयंपाकघरात. न्यूयॉर्कमधल्या बिऱ्हाडात त्या आणि त्यांची आई राहत. दिवसा तेल कंपनीतली नोकरी आणि ती आटोपून आल्यावर शेगडीवर मेण वितळवणे, रंग मिसळणे, थंड करणे, लावून बघणे. हे सुमारे दोन वर्षे चालले आणि प्रयोग झाले ३०९.

या ३०९ आकड्यापाशी मी जरा थांबते. आपणही स्वयंपाकघरात जन्मभर प्रयोगच करतो. पापडाचा खार कमी-जास्त करतो, लोणच्याच्या मोहरीचे प्रमाण बदलतो. पण आपल्याला कुणी विचारले, की बाई, हे कितव्या खेपेला जमले, तर आपण काय सांगू? 'अंदाजाने घातले' असेच सांगू. त्यांना ३०९ सांगता आले, कारण त्यांनी प्रत्येक खेप मोजली होती. अंदाज वाईट नव्हे. आपल्या हातांना तो वर्षांच्या सरावाने आलेला आहे. परंतु अंदाज दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, आणि ज्या बाईच्या हातात तो आहे तिच्याबरोबरच जातो. मोजून वहीत लिहिले की तेच ज्ञान होते.

हेझेलबाई आणखी एक सांगत, तेही मला फार पटले. प्रसाधनाच्या कामात बाईला पुरुषापेक्षा अधिक कळते, कारण ती वस्तू ती स्वतः वापरते. वापरणाऱ्याला जे समजते ते नुसते तयार करणाऱ्याला समजत नाही, असा त्याचा भावार्थ. चुलीपुढे कधी न बसलेल्या माणसाने चूल बांधली तर धूर तोंडावर येणारच.

१९४९ साली वस्तू जमली. आधी ती त्यांच्या बर्नार्ड कॉलेजातल्या बायकांपुढे मांडली, आणि १९५० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या लॉर्ड अँड टेलर या मोठ्या दुकानात ती विक्रीला आली. किंमत एक डॉलर. ठेवलेला सगळा माल पहिल्याच दिवशी संपला. हेझेलबाईंनी नोकरी सोडली आणि आपल्याच नावाची कंपनी काढली. तेव्हा त्यांचे वय ४४ होते. आपल्यापैकी पुष्कळजणींचे आज हेच वय आहे आणि 'आता आपले काय राहिले' असे आपण म्हणू लागलो आहोत.

पुढची हकिकत नीट ऐकावी. वस्तू चांगली, पण ती देशभर पोहोचवायला जाहिरात हवी आणि जाहिरातीला पैसा हवा. जाहिरातीच्या धंद्यातले रेमंड स्पेक्टर नावाचे एक गृहस्थ त्यांना येऊन मिळाले. त्यांनी कंपनीत भाग घेतले. माणूस आपल्या कामात हुशार. ही लिपस्टिक तुमच्या ओठांवर राहते, समोरच्याच्या गालावर नाही, अशा अर्थाच्या त्यांच्या जाहिराती घरोघर पोहोचल्या. टेलिव्हिजन नवा होता, त्यावरचा एक लोकप्रिय कार्यक्रम १९५२ पासून हेझेल बिशप कंपनीच्या पैशावर चाले. १९५३ साली कंपनीची विक्री वर्षाला एक कोटी डॉलरच्या पुढे गेली. रेव्हलॉनसारख्या बड्या कंपन्यांनी घाईघाईने आपापल्या न पुसणाऱ्या लिपस्टिक बाजारात आणल्या. १९५१ साली अमेरिकेतल्या 'बिझनेस वीक' या व्यापारी साप्ताहिकाने मुखपृष्ठावर हेझेलबाईंचे छायाचित्र छापले. त्या मुखपृष्ठावर एकट्या बाईचे चित्र त्याआधी आले नव्हते.

बाहेर असा डंका वाजत असताना आत काय होते? कंपनीतले बहुसंख्य भाग स्पेक्टर यांच्या हाती गेले होते. ज्या बाईने वस्तू शोधली आणि जिचे नाव प्रत्येक कांडीवर छापलेले, तिच्या वाट्याला थोडे भाग उरले. ज्याचे भाग अधिक त्याचा शब्द चालणार, हा व्यवहार. मतभेद वाढले, प्रकरण कोर्टात गेले, आणि १९५४ साली तडजोड झाली. हेझेलबाईंनी उरलेले भाग विकून कंपनी सोडली. अट अशी पडली, की यापुढे त्यांनी स्वतःचे नाव लावून सौंदर्यप्रसाधने विकू नयेत. कंपनीचे नाव मात्र हेझेल बिशपच राहिले. लिपस्टिक विकली जात राहिली, तिच्यावर नाव तेच, आणि त्या नावाची बाई दुसरीकडे.

हे ऐकले त्या रात्री मला पुष्कळ वेळ झोप लागली नाही. आपल्यापैकी किती तरी जणींचे लग्नात नाव बदलले. ताटात तांदूळ पसरले, अंगठीने नवे नाव लिहिले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या सातवीच्या दाखल्यावर एक नाव आहे आणि बँकेच्या पासबुकावर दुसरे. ही दोन्ही नावे एकाच बाईची, हे पटवायला मला कागद जोडावे लागतात. आपल्याला नाव सोडायची सवय आहे, म्हणून नाव गेल्याचे आपल्याला काही वाटत नाही. पण नावाला बाजारात मोल असते. ते मोल आपण केलेल्या कामाने येते आणि नाव ज्याच्या हाती त्याला मिळते.

माझ्या माहेरचे उदाहरण सांगते. माझी आई मेतकूट करी. डाळी भाजण्यात तिचा हात असा, की दोन गल्ल्यांपलीकडे वास जाई. गावातला एक दुकानदार ते मेतकूट घेई आणि आपल्या दुकानाच्या नावाच्या पुड्यांत भरून विकी. त्याने पैसे कधी बुडवले नाहीत, ते ज्या त्या वेळी दिले, हे मी मुद्दाम सांगते. वीस वर्षांनी आईचे गुडघे धरले आणि दुकानदार दुसरीकडून माल आणू लागला. गिऱ्हाईक तुटले नाही, कारण लोकांच्या तोंडी त्या दुकानाचे मेतकूट होते, माझ्या आईचे नव्हते. आईने मला प्रमाण शिकवले, पण वीस वर्षांचे गिऱ्हाईक ती मला देऊ शकली नाही. ते तिच्या नावावर कधी जमाच झाले नव्हते.

पुन्हा हेझेलबाईंकडे येऊ. कंपनी गेली म्हणून त्या कपाळाला हात लावून बसल्या नाहीत. त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा चालवली. कातड्याचे हातमोजे स्वच्छ करण्याचे द्रव्य केले, कांडीच्या रूपातले घट्ट अत्तर केले. लिपस्टिकइतके यश पुन्हा मिळाले नाही. मग १९६२ साली, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्या शेअर बाजारात शिरल्या. आपल्याकडे या वयात सुनेच्या हाती किल्ल्या देऊन माळ हाती घेण्याच्या गोष्टी निघतात. प्रसाधनांच्या कंपन्यांतली कोणती वस्तू आतून कशी, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? त्या कंपन्यांची पारख करून सल्ला देणे हाच त्यांचा धंदा झाला. पुढे सत्तरी ओलांडल्यावर, १९७८ साली, न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत त्या शिकवू लागल्या. १९८० साली तिथे त्यांना मानाचे अध्यापकपद मिळाले, आणि त्या पदाला नाव कोणाचे, तर रेव्हलॉनचे! ज्या कंपनीशी एके काळी स्पर्धा केली, तिच्याच नावाच्या पदावर बसून त्या मुलांना धंदा शिकवीत होत्या. त्यांनी लग्न केले नाही. ५ डिसेंबर १९९८ रोजी, ९२ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

आता आपल्या घरची गोष्ट. आपल्या मंडळाचे उटणे आठ वर्षे दिवाळीला विकले जाते. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, गव्हला कचोरा, हे सगळे निवडण्यापासून वस्त्रगाळ करण्यापर्यंत आपल्या बायका खपतात. ते प्रमाण बसवणाऱ्या काकू आज समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. गेल्या महिन्यात एका व्यापाऱ्याचा निरोप आला आहे, की सगळा माल मी एकरकमी घेतो, पुड्या माझ्या, नाव माझे. पैसे रोख. येत्या सभेत यावर मत घ्यायचे आहे.

मी 'नाही म्हणा' असे सांगायला उभी राहिलेली नाही. स्पेक्टर नसते तर हेझेलबाईंची लिपस्टिक कदाचित न्यूयॉर्कच्या दोन-चार दुकानांतच राहिली असती. आपले उटणेही चार गल्ल्यांत फिरते. दिवाळीआधी पंधरा दिवस दारोदार जायचे श्रम कोण करते, ते आपण जाणतो. घरभाडे, शाळेची फी यांच्यापुढे रोख पैसा ही लहान गोष्ट नव्हे. काही भगिनी म्हणाल्या, की आपल्याला नावाची हाव कशाला? त्यांचा विचार मी समजू शकते. पण दागिना जपून ठेवणाऱ्या बाईला आपण हावरी म्हणत नाही. नाव हा असा दागिना आहे, की तो पुढच्या सभासदांना, आपल्या लेकीसुनांना देता येतो.

म्हणून होकार देण्याआधी मी चार गोष्टी सुचवते.

पहिली, काकूंनी उटण्याचे प्रमाण वजनाने मोजून मंडळाच्या वहीत लिहून द्यावे, वर त्यांचे नाव आणि तारीख असावी, आणि ती वही अध्यक्षबाईंच्या कपाटात राहावी.

दुसरी, पुडीवर व्यापाऱ्याचे नाव खुशाल असो, पण माल कुणी तयार केला तेही छापावे, आणि ते नाव मंडळाचे असावे. अशा वस्तू करून विकायला सरकारी परवाना लागतो आणि पुडीवर करणाऱ्याचे नाव, पत्ता छापावे लागतात, असे चौकशीत कळले. तेव्हा परवाना कुणाच्या नावे निघणार, हे आधीच ठरले पाहिजे. उद्या माल दुसरीकडून घेतला तर आपले नाव पुडीवर राहू नये, हेही लिहून घ्यावे.

तिसरी, करार एका वर्षाचा असावा. आठ वर्षांचे काम एका सहीने कायमचे देऊ नये.

चौथी, कागद मराठीत असावा, तो सभेत मोठ्याने वाचावा आणि सगळ्यांना समजल्यावरच सह्या व्हाव्यात. मी सातवी शिकलेली आहे. मला समजला तर सगळ्यांना समजला असे धरायला हरकत नाही.

या चार अटी व्यापाऱ्याला मान्य झाल्या तर आनंदाने माल द्यावा, आणि त्याला आपल्या हळदीकुंकवाला बोलावून पन्हे द्यावे. मान्य झाल्या नाहीत, तर दारोदार फिरणाऱ्या भगिनींत यंदा माझे नाव पहिले घालावे. माझ्या वाट्याला वरची आळी द्यावी. तिकडे चढ आहे म्हणून कुणी जात नाही.

 येत्या सभेला प्रत्येकीने यावे आणि आपले मत स्वतःच्या तोंडाने सांगावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.